शिव्यांची मराठी प्रत

उल्हासनगर, कॅम्प नंबर ४
३ ऑक्टोबर २००४

तात्या, जयभीम.

तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या कॅम्पला आपली भानगड ओरडून सांगायची, म्हणून पत्र लिहितोय. कारखान्यातल्या हॅमरने तुमचे कान खाल्ले पण डोळे शाबूत ठेवले, हे माझं नशीब. आजोबा गेले. त्यांच्या सख्ख्या भावाला नाही सांगायचं तर कोणाला सांगू?

मागच्या रविवारी वांगणीला आलो तेव्हा तुम्ही विचारलंत, "तुझा बँड म्हणजे लग्नातला का रे?" मी हसून टाळलं. लग्नातला नाही, तात्या. आम्ही चौघं आहोत आणि बँडचं नाव ग्रेव्ह कॅम्प. ज्याला डेथ मेटल म्हणतात ते आम्ही वाजवतो. गिटार खर्जात लावायची, ड्रम छातीत धडकी भरेल इतका जोरात, आणि मी गातो म्हणजे घशाच्या तळातून गुरगुरतो. शब्द कोणाच्या बापाला कळत नाहीत. झेरॉक्सच्या दुकानात काम करता करता मी हळूच सराव करतो, तर आमचा सेठ म्हणतो, "साईं, गला खराब है तो मुलेठी खा. कस्टमर भाग रहा है."

पण शब्द असतात. आणि काय शब्द असतात! अमेरिकेतली, युरोपातली पोरं लिहितात. क्रूस उलटा टांगतात, देवाच्या सिंहासनाला काडी लावतात, स्वर्गाच्या दारावर थुंकतात. कॅसेटच्या आतला कागद पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो वहीत उतरवून घेतला. देवाला तोंडावर 'नाही' म्हणता येतं आणि त्याला चालही लावता येते, हे मला त्या कागदाने शिकवलं. आता मी तसंच लिहितो, इंग्रजीत.

पप्पांनी माझ्या टी-शर्टवरचा उलटा क्रूस बघितला आणि घरात रण पेटलं. म्हणाले, हे सैतानाचं आहे. मी म्हटलं, बौद्धाच्या घरात सैतान कुठून आला? तर कानाखाली बसली.

१२ डिसेंबरला बदलापूरला आमचा पहिला शो आहे. तुम्ही जलशात गाणी लिहायचात. तुम्हाला इंग्रजी जड जातं म्हणून माझी चार गाणी मराठीत करून सोबत पाठवतोय. आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही हे सोडून द्या, ज्यांना येतो त्यांनाही शब्द कळत नाहीत. शब्दांचं तुम्हीच सांगा. फालतू असतील तर तसं लिहा, मी रडणार नाही.

तुमचा,
धम्मदीप


वांगणी
१२ ऑक्टोबर २००४

चि. दीप्या,

आजोबाचा भाऊ वाचणार हे ठाऊक असूनही तू 'कुमारीच्या पोटी जन्मलेलं खोटं' असं लिहून पाठवलंस. छाती आहे तुझी. तुझ्या बापाने कानाखाली दिली ती सैतानासाठी नव्हे, उलट उत्तरासाठी असणार. उत्तर मात्र बिनतोड होतं. मी एकटाच मोठ्याने हसलो आणि शेजारची बनूबाई काय झालं म्हणून बघायला आली.

चारही गाणी तीन-तीनदा वाचली. पहिल्या दोन गाण्यांत रक्त फार आणि मीठ कमी. आतडी, पू, सडकं मांस, हे सगळं एकदाच वाढलंस तर ताटावर बसलेला माणूस उठून जाईल. चौथं ठीक. पण तिसरं!

'खिळ्यांनो, गंजू नका,
तुमचा राजा अजून खाली उतरलेला नाही.'

दीप्या, ही ओळ मला सुचली असती तर मी चार गावं जिंकली असती. राग तर आहेच, पण त्या लोखंडाचा गारवा हाताला लागतो. मी जन्मभर लोखंडात काम केलं, मला कळतं.

आता आमच्या जलशाचं ऐक. माझं नाव हिंदुराव आणि गाणं देव नाकारण्याचं. नाव सांगितलं की लोक हसायचे, गाणं ऐकलं की दगड मारायचे. ज्या देवळाच्या पायरीवरून माझ्या बापाला हाकलला, त्याच देवळासमोर डफ घेऊन आम्ही त्या देवाला विचारलं, बाबा रे, तू आमचा होतास कधी? डोक्याला तीन टाके पडले. अजून हात लावला की लागतात.

म्हणून एकच विचारतो. या क्रूसावरच्या देवाने तुझं काय घोडं मारलंय? त्याच्या दारातून तुला कोणी हाकललं का? शिवी उत्तम आहे, म्हणून तर तिचा पत्ता विचारतोय. आणि तो ड्रम बडवणारा कोण, त्याच्याबद्दल लिही. मला त्याच्यात रस आहे.

तुझा,
तात्या


उल्हासनगर
२४ ऑक्टोबर २००४

तात्या, जयभीम.

तिसऱ्या गाण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मी पाकिटात घालून खिशात ठेवलंय. सेठने पगार वाढवला असता तरी एवढा आनंद झाला नसता.

तुमच्या प्रश्नावर दहा दिवस अडलो. तिकडच्या पोरांच्या छातीवर तो देव लहानपणापासून बसलेला असतो. दर रविवारी चर्च, जेवणाआधी प्रार्थना, वाकडं वागलास तर नरकात जळशील ही धमकी. त्यांनी उलटून त्यालाच धरलं. ती त्यांची पायरी आहे, तुमच्या देवळाच्या पायरीसारखी. मी ती उसनी आणली, हे खरं. पण देव नाकारायचाच तर कुठलाही नाकारायला काय हरकत आहे? आपल्या घरात नाकारणं तर बावीस प्रतिज्ञांतच आहे.

आता खरं सांगतो. आपल्याकडच्या देवावर एक गाणं लिहायला घेतलं होतं. गिटारवाला मुकेश म्हणाला, "भाई, हॉल मिलेगा नहीं, और बाद में हड्डियां भी नहीं मिलेंगी." येशूवर लिहिलं तर बदलापुरात कोणी ढिम्म हलत नाही. हे लिहिताना लाज वाटतेय, पण तुम्ही विचारलंत.

ड्रमवाला राजू वाघमारे. अंबरनाथला राहतो. त्याचे पाय वाजवताना दिसतच नाहीत, इतके वेगात चालतात. कल्याणच्या अलीकडे-पलीकडे असा ड्रमर मी बघितलेला नाही. आणि स्वभावाने इतका गप्प की त्याला काय आवडतं हे वाजवण्यावरूनच ओळखायचं. सराव त्याच्याच घरी होतो. वडील गेले. आई, संजीवनीकाकू, दवाखान्यात नर्स आहेत. डबल ड्युटी करून येतात आणि आमच्या दणदणाटात पलीकडच्या खोलीत झोपतात. म्हणतात, "तुमचं बंद झालं की मला जाग येते." उठल्या की चौघांना पोहे. माझ्या घशासाठी गरम पाण्याची बाटली वेगळी भरून ठेवतात. दोन वर्षं झाली, कधी तोंड वाकडं केलं नाही. आपल्यासारखंच साधं घर आहे.

धम्मदीप


वांगणी
२ नोव्हेंबर २००४

चि. दीप्या,

लाज वाटली हे चांगलं झालं. लाज वाटणारा माणूस पुढचं गाणं बरं लिहितो.

वाघमारे म्हणजे आपल्यातलेच दिसतात. त्या माउलीला माझा जयभीम सांग. परक्या पोरांचा असला गोंगाट घरात घेणारी बाई मी पाहिली नाही. आमच्या तालमीला तर माझ्या आईने गोठा दिला होता, तोही म्हशीची परवानगी काढून.

१२ तारखेला मी येणार. ऐकू येणार नाही म्हणून हसू नकोस. हॅमर शॉपमध्ये तीस वर्षं काढली आहेत, घण कुठे पडतोय ते माझ्या तळव्यांना कळतं. मला पुढची खुर्ची ठेव.

तात्या


उल्हासनगर
२१ नोव्हेंबर २००४

तात्या,

तुमचा जयभीम मी काकूंना सांगितला नाही. त्या ख्रिस्ती आहेत. राजूही.

मी तुमच्यापासून लपवलं. 'आपल्यासारखंच घर' असं लिहिलं तेव्हा भिंतीवरचा क्रूस मला डोळ्यांसमोर दिसत होता. त्या क्रूसाखाली बसून मी दोन वर्षं ती गाणी गायलो. इंग्रजीत होती, वर माझं गुरगुरणं, कोणाला कळत होतं? राजूला सगळं कळत होतं. तो एकदाच म्हणाला होता, "आईला समजत नाही ना, मग चालू दे." मी त्यातलं 'चालू दे' एवढंच ऐकलं.

तुमच्यासाठी गाणी मराठीत केली, त्याची कच्ची प्रत माझ्याकडे राहिली होती. राजूकडच्या अँपचा, म्हणजे गिटारच्या स्पीकरपेटीचा, एक पाय हलायचा. मी ते कागद घडी करून त्या पायाखाली सारले आणि विसरलो. काकूंनी नाताळची साफसफाई काढली.

७ तारखेच्या रविवारी गेलो तर पोहे तयार होते. आम्ही खाल्ले. मग काकूंनी ते कागद माझ्यापुढे ठेवले, सगळ्या घड्या हाताने सरळ केलेल्या. म्हणाल्या, "हे तुझं अक्षर ना? किती सुरेख आहे रे." एवढंच बोलल्या आणि आत गेल्या. मोरीत नळ सोडल्याचा आवाज आला. राजू माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू निकल."

दोन आठवडे झाले, तो फोन उचलत नाही. शोला तीन आठवडे उरलेत. मुकेश म्हणतो, विठ्ठलवाडीत एक ड्रमर आहे, त्याला घेऊ. मला दुसरा ड्रमर नको, तात्या. मला राजू हवाय, आणि काकूंनी माझ्याकडे आधीसारखं बघायला हवंय. शो गेला तरी चालेल.

पप्पा खूश आहेत, बँड मोडला म्हणून. सगळी गाणी फाडून टाकू का? काकूंचे पाय धरू का? काय करू ते सांगा.

धम्मदीप


वांगणी
२६ नोव्हेंबर २००४

दीप्या,

फाडू नकोस. आधी हे वाच.

तुझ्या आजोबाला आणि मला एक मोठी बहीण होती, विठा. तुमच्या घरात तिचं नाव तू ऐकलं नसशील. पंधराव्या वर्षी तिच्या अंगावर महारोगाचे चट्टे उठले. आपण तर आधीच गावाच्या वेशीबाहेर, आणि त्या बाहेरच्यांनीही तिला बाहेर काढलं. त्यात आम्ही आलो. मिशनच्या दवाखान्यातल्या एका बाईने तिचे पाय स्वतःच्या हातांनी धुतले. आमच्या घरातल्या कोणी धुतले नव्हते. विठा बरी झाली, ख्रिस्ती झाली, तिथेच कामाला राहिली.

छप्पन साली आपण बौद्ध झालो. दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या जत्रेत आमचा जलसा होता. मी नवं गाणं लिहिलं होतं, दुधाच्या भुकटीवर धर्म विकणाऱ्या मिशनवाल्यांवर. लोक हसून लोळत होते. पहिलं कडवं झालं आणि मला समोर विठा दिसली. भावाचा जलसा बघायला सात मैल चालत आली होती, त्याच पायांनी. मी तिला पाहिलं. तिने मला पाहिलं. आणि मी पुढचं कडवं म्हटलं. हशा चालू होता रे. तो थांबवायची माझी तयारी नव्हती.

ती निघून गेली. सत्तेचाळीस वर्षं झाली, मी एक कार्डसुद्धा टाकलं नाही. देवळासमोर पडलेले टाके मी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. हे कोणाला दाखवलं नाही. तुझ्या आजोबाला माहीत होतं, पण आम्ही कधी बोललो नाही.

देवाला शिवी द्यायला माझी आजही ना नाही. देव मोठा असेल तर त्याला ती पचेल, आणि नसेल तर प्रश्नच मिटला. पण माझी शिवी त्याच्यापर्यंत गेलीच नाही. मध्ये विठा उभी होती.

त्या बाईंचे पाय धरू नकोस. नर्सला पाय धरणारे रोज भेटतात. जा आणि त्यांना विचार, बाई, तुमचं त्याच्याशी काही भांडण आहे का? जिने जन्मभर त्याच्यापुढे गुडघे टेकले तिचा हिशेब तुझ्यापेक्षा मोठा असणार. ती काय सांगेल ते खाली मान घालून ऐक. मी जे सत्तेचाळीस वर्षांत केलं नाही ते तू दोन आठवड्यांत कर.

तात्या


उल्हासनगर
५ डिसेंबर २००४

तात्या, जयभीम.

तुमचं पत्र वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानाला दांडी मारली. दुपारी दोनला काकूंची ड्युटी सुटते. दवाखान्याच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. त्या आल्या, मला बघून थांबल्या. मी 'काकू, माफ' एवढं म्हणेपर्यंत त्या म्हणाल्या, "दुसऱ्या गाण्यात तू यकृत डावीकडे टाकलंयस. ते उजवीकडे असतं."

मग म्हणाल्या, "रक्त आणि पू मी रोज पुसते. त्याचं मला काही नाही. कुमारीवरचं गाणं नुसतं तोंड वाजवणं आहे. पण ते खिळ्यांचं वाचलं आणि मला झोप लागली नाही."

मी तुमचा प्रश्न विचारला, जसाच्या तसा.  काकू रिक्षास्टँडजवळच्या बाकावर बसल्या आणि मला शेजारी बसवलं. राजूचे पप्पा त्याच दवाखान्यात गेले, काकूंच्याच वॉर्डात, त्यांच्याच ड्युटीत. गुड फ्रायडे होता. चर्चमध्ये तेव्हा सगळे म्हणत असणार, तो आपल्यासाठी मेला. काकू म्हणाल्या, "मी ह्यांचे डोळे मिटले आणि त्याला म्हटलं, तुझं मरण तीन दिवसांचं होतं. माझ्या माणसाचं किती दिवसांचं, ते सांग."

तात्या, मी जगातल्या किती बँडचे कागद वाचलेत. असं कोणी लिहिलेलं नाही.

मी विचारलं, मग पुढच्या रविवारी चर्चला गेलात? म्हणाल्या, "गेले की. भांडायला कोणाकडे जाऊ? घरातल्याशी भांडण घरातच होतं."

ती ओळ गाण्यात घेऊ का, म्हणून विचारलं. आधी नको म्हणाल्या. उठल्या, रिक्षापर्यंत गेल्या, परत आल्या. "घे. पण मराठीतच ठेव. मी येणार, पुढे बसणार. त्याला काय विचारलंय ते मला ऐकायचंय."

कुमारीवरचं गाणं मी काढलं. मुकेश बोंबलला, पण काढलं. यकृतही उजवीकडे नेलं. तिसरं गाणं मराठी केलं आणि शेवटी काकूंची ओळ घातली. सराव मुकेशच्या गच्चीवर होता. राजू न सांगता आला.  ड्रमवर बसला, कागद मागितला, वाचला. मग मला म्हणाला, "आईची ओळ किती स्पीडला?" मी म्हटलं, "तूच सांग." त्याने एवढ्या सावकाश वाजवलं की दोन ठोक्यांच्या मध्ये माझा श्वास संपत होता. असं त्याला वाजवता येतं हे मला माहीतच नव्हतं.

शो दुपारी तीनला आहे. बदलापूर पूर्वेला उतरा, मी घ्यायला येतो. पप्पा म्हणाले, "तात्या येणार असेल तर बघतो." म्हणजे येतील.

तुमचा,
धम्मदीप


वांगणी
२१ डिसेंबर २००४

चि. दीप्या,

तुला पत्र लिहायला उशीर झाला. कारण खाली येईलच.

तुझा शो पाहिला. लग्नाचा हॉल, मागे थर्मोकोलची 'शुभविवाह' अक्षरं तशीच, आणि त्याच्यापुढे काळे शर्ट घालून मानेला झटके देणारी तुझी वऱ्हाडी मंडळी. तुझा बाप दाराशी हाताची घडी घालून उभा होता. तिसऱ्या गाण्यापर्यंत ती घडी सुटली होती, मी बघत होतो. त्याला कौतुक सांगता येत नाही, त्याच्या बापालाही येत नव्हतं. म्हणून मी सांगतो. तू उभा राहिलास तेव्हा मला माझी पहिली जत्रा आठवली आणि ऊर भरून आला.

तुला स्टेजवरून दिसलं नसेल ते लिहितो. संजीवनीबाई माझ्या शेजारी होत्या. मी चपला काढून दोन्ही तळवे जमिनीला टेकवले. राजूचा घण पहिल्या ठोक्याला कळला. काय पोरगा आहे! आमच्या हॅमर शॉपमध्ये असता तर मी त्याला हाताखाली घेतला असता. तुमचं मराठी गाणं सुरू झालं आणि बाईंचा चेहरा पडला. मराठी असूनही त्यांना एक अक्षर कळेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मी तुझा कागद दोघांच्या मध्ये धरला. तळव्यांनी ताल घेत, तुझ्या ओठांकडे बघत, ओळीखालून बोट फिरवायला लागलो. बहिरा माणूस ऐकणाऱ्या बाईला गाणं दाखवत होता. मागची पोरं हसली असतील तर हसू देत.

त्यांच्या ओळीवर आलो तेव्हा त्यांनी माझं बोट तिथेच दाबून धरलं. पुढे सरकू दिलं नाही. तुमचं गाणं संपलं, लोकांनी हात वर केले, आम्ही दोघं त्या ओळीवरच होतो. त्या रडत होत्या आणि ताठ बसल्या होत्या.

नंतर बाहेर चहा घेताना मी त्यांना विठाचं सगळं सांगितलं, पुढचं कडवं म्हटलं तेही. मी विचारलं, बाई, ती मला क्षमा करेल का? त्यांनी माझ्याच कागदावर लिहिलं, 'ते मी कसं सांगू? तिला विचारा.' त्यांचं नर्सिंगचं शिक्षण विठाच्या त्या मिशनकडचंच. आठवडाभर त्या तिकडे फोन करत होत्या.

दीप्या, विठा आहे. शहात्तर वर्षांची. त्याच दवाखान्याच्या आवारात एक खोली आहे तिला. माझा निरोप गेला तेव्हा ती म्हणाली, "त्याला म्हणावं ये. मला पुष्कळ बोलायचंय."

नाताळ झाला की संजीवनीबाई आणि मी निघतोय. मला तर ऐकू येणार नाही. विठा जे जे बोलेल ते त्यांनी कागदावर उतरवून माझ्या हातात द्यायचं ठरलंय. बाई भल्या आहेत, मला लागू नये म्हणून मधलं काहीतरी गाळतील. म्हणून मी त्यांना आत्ताच बजावून ठेवलंय की एकही शिवी सोडायची नाही.

तुझा,
तात्या